लूपिंगच्या मिडी पेडलला उशीर नेमका किती? मोजायचा कसा?

पायपेटी

नमस्कार मंडळी. गिटार वाजवतो, लॅपटॉपवर सॉफ्टवेअर लूपर (वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा फिरवणारा) चालवतो आणि रेकॉर्ड, ओव्हरडब (वर आणखी थर चढवणे), स्टॉप हे सगळं पायाखालच्या मिडी पेडलबोर्डवरून. मिडी म्हणजे वाद्यं आणि कंप्युटर एकमेकांना संदेश पाठवतात ती पद्धत. बोर्ड यूएसबीने जोडलेला आहे, मागे पाच पिनांचं मिडी आउटही आहे. अडचण अशी की लूप कधी अगदी बिनचूक बंद होतो, तर कधी समेवर ठेच लागल्यासारखा अडखळतो. चाल तीच, लय तीच, पाय तोच. हेच काम कीबोर्डच्या पॅडवर बोटाने केलं की बहुतेक वेळा लूप नीट बसतो. म्हणून संशय पेडलवर.

मिडी मॉनिटर लावून बघितला. पण संदेश कंप्युटरला कधी पोचला एवढंच तो सांगतो. पाय कधी पडला हे त्याला कुठून कळणार? मला हवाय तो पाय पडल्यापासून संदेश निघेपर्यंतचा आकडा. नवीन पेडल घ्यायच्या आधी दोष जुन्याचाच आहे हे तरी ठरायला हवं. कुणी मोजलंय का हे?

उलटी_तिहाई

कशाला या भानगडीत पडता? पाच-दहा मिलिसेकंदांनी काही बिघडत नाही. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो. अँप तीन मीटरवर ठेवला की नऊ मिलिसेकंद तिथेच गेले, आणि त्यापायी कुणाची लय गेल्याचं मी तरी ऐकलं नाही. मेट्रोनोम लावा आणि पायाचा रियाज करा. गिटारवाले पायाला अवयवच समजत नाहीत.

शून्य_डीबी

तिहाईराव, अँपचं उदाहरण अर्धंच लागू पडतं. अँप जागचा हलत नाही. ते नऊ मिलिसेकंद प्रत्येक स्वराला नऊच राहतात आणि कान-हात त्याला सरावतात. पायपेटी यांची तक्रार ‘कधी बसतो, कधी नाही’ अशी आहे. तेव्हा उशीर किती यापेक्षा तो दर वेळी सारखा आहे का, हा खरा प्रश्न. सरासरी ३० मिलिसेकंद असेल पण प्रत्येक दाब २९ ते ३१ च्या आत पडत असेल, तर ते पेडल मी डोळे मिटून वापरेन. सरासरी १२, पण एखादा दाब ४ ला आणि एखादा २५ ला, असं पेडल मला फुकट दिलं तरी नको.

आणि मेट्रोनोम लावून कानाने मोजायला जाऊ नका. टिकटिकीबरोबर ठोका द्यायला सांगितलं की माणूस सहसा टिकच्या थोडा आधीच ठोका देतो, आणि आपण आधी दिला हे त्याला कळतही नाही. हाताने जेवढा आधी, पायाने त्याहून जास्त. तुमच्या पायाची घाई आणि पेडलचा उशीर एकमेकांत मिसळले की कोण किती हे कानाने वेगळं काढता येत नाही. यंत्रानेच मोजायला हवं.

फक्त_वाचक

वाचतोय. माझं पेडल ब्लूटूथवालं आहे, त्याबद्दलही कुणी लिहा.

सोल्डरगन

मोजण्याआधी साखळी समजून घ्या, नाहीतर आकडा हाती येईल पण तो कुणाच्या नावावर टाकायचा ते कळणार नाही.

सगळ्यात आधी, बिचाऱ्या मिडीवर आळ घेऊ नका. पाच पिनांची मिडी सेकंदाला ३१,२५० बिट पाठवते. एका बाइटला सुरुवातीचा एक, माहितीचे आठ आणि शेवटचा एक असे दहा बिट, म्हणजे ३२० मायक्रोसेकंद. कंट्रोल चेंज (सीसी) किंवा नोट ऑन हा संदेश तीन बाइटांचा, म्हणून ०.९६ मिलिसेकंद. प्रोग्रॅम चेंज दोन बाइटांचा, ०.६४. म्हणजे १९८३ साली ठरलेली ही तार एका संदेशाला एक मिलिसेकंदही घेत नाही, आणि दर वेळी तेवढाच वेळ घेते.

गोची दोन ठिकाणी होऊ शकते. एक, एका दाबावर बोर्ड भाराभर संदेश पाठवत असेल. पाच प्रोग्रॅम चेंज, दोन सीसी आणि एक नोट असं प्रीसेट भरलं तर १९ बाइट झाले, म्हणजे सहा मिलिसेकंदांहून थोडे जास्त. लूपरला हवा असलेला संदेश या रांगेत शेवटी उभा असेल तर सहा मिलिसेकंद फुकट गेले. प्रीसेट उघडा आणि नको ते काढून टाका.

दुसरं ठिकाण म्हणजे बटण. धातूचा स्विच दाबला की तो एकदम जुळत नाही, काही काळ थरथरतो, जुळतो-सुटतो-जुळतो. ही थरथर म्हणजे चार दाब समजले जाऊ नयेत म्हणून फर्मवेअरमध्ये, म्हणजे बोर्डाच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, डीबाउन्स असतो. तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. पहिली तऱ्हा: बटण सलग दहा-वीस मिलिसेकंद शांत राहिलं की मगच दाब मान्य करायचा. दुसरी: पहिल्या स्पर्शालाच संदेश सोडायचा आणि पुढचे वीस मिलिसेकंद कान बंद ठेवायचे. काम दोन्ही करतात, पण पहिल्या तऱ्हेत तेवढा उशीर पक्का होतो, वर थरथर जितकी लांबेल तितका तो वाढतो. स्विच झिजला की थरथर लांबते. ‘नवीन होतं तेव्हा पेडल झटपट होतं’ असं जे लोक म्हणतात ते दर वेळी मनाचे खेळ नसतात.

शिवाय बोर्डातला प्रोसेसर सगळ्या बटणांवरून फेरी मारत असतो. फेरी दर १० मिलिसेकंदांनी असेल तर तुमचा पाय फेरीच्या लगेच आधी पडला की शून्य थांबावं लागेल, लगेच नंतर पडला की दहा. म्हणजे नुसत्या फेरीपायी शून्य ते दहामध्ये कुठेही पसरलेला उशीर. सरासरी ५ आणि प्रमाण विचलन २.९.

त्यापुढे यूएसबी, ड्रायव्हर, ऑडिओ बफर. त्यावर शून्य_डीबी लिहितीलच.

उलटी_तिहाई

एवढं सगळं एका बटणात? आमच्या काळी पेडल म्हणजे स्विच आणि दोन तारा.

शून्य_डीबी

आता मोजणी. महागडं काही लागत नाही. दोन इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस आणि ऑडॅसिटीसारखं कुठलंही रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर पुरे.

तत्त्व एवढंच की पाय पडल्याचा क्षण एका चॅनेलवर आणि संदेश निघाल्याचा क्षण दुसऱ्या चॅनेलवर, एकाच वेळी रेकॉर्ड करायचा. दोन्ही चॅनेल एकाच घड्याळावर चालतात, त्यामुळे इंटरफेसचा स्वतःचा उशीर दोन्हीकडे सारखा पडतो आणि वजाबाकीत उडून जातो. मग लाट मोठी करून दोन सुरुवातींमधलं अंतर मोजायचं. ४८ किलोहर्ट्झला एक सॅम्पल म्हणजे सुमारे २१ मायक्रोसेकंद. आपल्या कामाला हे गरजेपेक्षा कितीतरी बारीक आहे.

डावा चॅनेल: पायझो चकती (ठोक्याचा विजेचा सिग्नल करणारी) पेडलच्या पत्र्यावर बटणाशेजारी टेपने घट्ट चिकटवा आणि इन्स्ट्रुमेंट इनपुटला लावा.

उजवा चॅनेल: मिडी आउटच्या पाचव्या पिनपासून १० किलोओहमचा रेझिस्टर, पुढे १ किलोओहमचा, आणि त्याचं दुसरं टोक दुसऱ्या पिनवर, म्हणजे ग्राउंडला. त्या १ किलोओहमच्या दोन टोकांवरून लाइन इनपुटला सिग्नल घ्या. पाच व्होल्टचे साधारण ०.४५ व्होल्ट होतात, लाइन इनपुट ते आरामात झेलतो. फँटम पॉवर, म्हणजे इंटरफेस मायक्रोफोनला देतो ती वीज, बंद आहे ना हे दोनदा बघा. ४८ व्होल्ट मिडी आउटमध्ये उलटे घुसवायचे नाहीत.

रेकॉर्डिंगमध्ये डावीकडे पायाचा धप्पकन आवाज दिसेल आणि उजवीकडे काही वेळाने एक मिलिसेकंदभर रुंदीचं दातेरी काहीतरी, कंगव्याचा तुटका तुकडा वाटावा असं. तोच तुमचा संदेश. त्याच्या पहिल्या दात्यापासून मोजा, मधून नाही.

किमान ४०-५० वेळा दाबा. हळू, जोरात, टाचेने, चवड्याने, जसं वाजवताना दाबता तसं. आणि निकाल लिहिताना नुसती सरासरी लिहू नका. सगळ्यात कमी, सगळ्यात जास्त आणि मधला आकडा लिहा. शक्य असेल तर सगळे आकडे कागदावर ठिपके काढून मांडा, कारण ठिपके दोन वेगवेगळ्या घोळक्यांत पडले तर सरासरी तुम्हाला सरळसरळ फसवेल.

सोल्डरगन

पायझोबद्दल एक सुधारणा. पत्र्यावरचा पायझो पाय पत्र्याला लागला की लगेच बोलतो, पण आतले संपर्क त्यानंतर जुळतात. टकटक वाजणाऱ्या स्विचमध्ये तर बटण बरंच खाली गेल्यावर ते जुळतात. हळू दाबलं की हे अंतर लांबतं. म्हणजे यांत्रिक प्रवासाचं खापर फर्मवेअरवर फुटेल.

बोर्डाला बाहेरचा फूटस्विच लावायची जॅक असेल तर एकात दोन पोल (एकाच दाबाने जुळणाऱ्या दोन वेगळ्या संपर्कजोड्या) असलेला स्विच घ्या. एक पोल बोर्डाच्या जॅकला. दुसऱ्या पोलमधून दीड व्होल्टची बॅटरी, तशाच दोन रेझिस्टरांतून, डाव्या चॅनेलला. पाय एकदा पडतो, दोन्ही पोल जवळजवळ एकदम जुळतात, आणि बॅटरीच्या चॅनेलवर तुम्हाला स्विचची थरथर उघड्या डोळ्यांनी दिसते. बोर्ड उघडायची गरज नाही.

तरी सुरुवात पायझोनेच करा. ढोबळ चोर त्यातही पकडला जातो.

पायपेटी

पायझो होताच, रेझिस्टरही मिळाले. मोजलं. आणि जे दिसलं त्याने चक्रावलोय.

आकडे एका जागी नाहीतच. थोडे दहा-पंधरा मिलिसेकंदांच्या आसपास, आणि बाकीचे ऐंशीपासून दोनशेच्याही पुढे, वाटेल तसे विखुरलेले. आधी वाटलं रेझिस्टरची जोडणी सैल आहे. मग लाट मोठी करून बघत बसलो. दहा-पंधरावाले सगळे दाब स्टॉपच्या बटणाचे. विखुरलेले सगळे रेकॉर्डच्या बटणाचे. एकाच बोर्डावर, शेजारशेजारची दोन बटणं.

आणखी एक गोष्ट. रेकॉर्डच्या प्रत्येक दाबात डावीकडे मोठा धप्पा आहे, मग शांतता, मग एक बारीकसा टक् आहे. दातेरी तुकडा दर वेळी त्या बारीक टक् नंतर साधारण दहा-पंधरा मिलिसेकंदांनी येतो. धप्प्याशी त्याचा काही संबंधच दिसत नाही.

सोल्डरगन

तो बारीक टक् म्हणजे तुमचा पाय उचलल्यावर स्विच सुटल्याचा आवाज. पेडल दाबल्यावर नाही, सोडल्यावर संदेश पाठवतंय.

रेकॉर्डच्या बटणाला लांब दाबाचं काही दुसरं काम लावलंय का? अनडू, लूप पुसणे वगैरे?

पायपेटी

हो! लांब दाबला की लूप पुसतो. बोर्डाच्या एडिटरमध्ये मीच लावलंय ते, बटणं कमी पडत होती म्हणून.

सोल्डरगन

मग झालं. विचार करा, तुम्ही बटण दाबलंत त्या क्षणी हा आखूड दाब आहे की लांब हे बोर्डाला कसं कळणार? तुम्ही पाय उचललात की मगच. म्हणून ज्या बटणाला लांब दाबाचं दुसरं काम आहे त्याचा आखूड संदेश सुटल्यावर जातो. तुमचा उशीर म्हणजे तुमचा पाय बटणावर किती वेळ राहिला तो, अधिक डीबाउन्स. दोनदा टॅप करायचं काम लावलं तर प्रकार आणखी वाईट: दुसरा टॅप येतोय का याची वाट बघत बोर्ड पहिल्या टॅपनंतर ठरलेली सगळी मुदत थांबतो. तो उशीर निदान स्थिर असतो म्हणा.

बरेचदा माहितीपुस्तिकेत यातलं अवाक्षर नसतं. ‘दाबणे’ आणि ‘धरून ठेवणे’ असे दोन रकाने देतात आणि मोकळे होतात. हे बनवणाऱ्यांचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. लूपरच्या पेडलमध्ये वेळ सोडून विकण्यासारखं आहे काय?

उलटी_तिहाई

ठीक आहे, हे मान्य. दोनशे मिलिसेकंद म्हणजे रियाजाच्या हाताबाहेरचं काम. पण मग रोजच सगळे लूप बिघडायला हवे होते. यांचे काही बिनचूक बसतात ते कसे?

खर्ज

चांगला प्रश्न आहे, आणि लूपिंगची सगळी गंमत त्यातच आहे. जरा सविस्तर लिहितो.

समजा पहिला दाब शून्य सेकंदाला आणि दुसरा बरोबर दोन सेकंदांनी, म्हणजे १२० बीपीएमच्या (मिनिटाला १२० मात्रा) लयीत चार मात्रा. पेडल दर वेळी ४० मिलिसेकंद उशीर करतंय. रेकॉर्डिंग ०.०४० ला सुरू झालं, २.०४० ला संपलं. लांबी किती? दोन सेकंद, बिनचूक! उशीर दोन्ही टोकांना सारखा असेल तर लूपच्या लांबीत तो दिसतच नाही. लांबी बिघडते ती दोन दाबांच्या उशिरांमधल्या फरकाने.

पायपेटी यांचा पाय दोन्ही वेळा साधारण सारखाच वेळ बटणावर राहिला की लूप बसतो. पहिल्या दाबाला पाय जरा रेंगाळला, १८० मिलिसेकंद, आणि दुसऱ्याला घाईत ११० वर उचलला, की लूप ७० मिलिसेकंदांनी आखूड. हीच ती ठेच. पॅडवर बोटाने मारताना असं होत नाही, कारण पॅड आघाताला संदेश सोडतो, बोट कधी उचललं याच्याशी त्याला घेणंदेणं नाही.

स्थिर उशीरही अगदी निरुपद्रवी मात्र नाही. पहिल्या ४० मिलिसेकंदांत समेवरच्या स्वराचा आघात असतो, तो रेकॉर्डिंगमध्ये आलाच नाही. दुसऱ्या दाबानंतरही तुम्ही वाजवत राहिलात तर पुढच्या आवर्तनाच्या समेचा आघात लूपच्या शेवटच्या ४० मिलिसेकंदांत रेकॉर्ड होतो आणि लूप फिरला की पहिल्या स्वराच्या उरलेल्या भागाला जाऊन चिकटतो. ऐकणाऱ्याला काही कळत नाही. पण दुसऱ्या दाबावर हात थांबवलात तर तो आघात कुठेच नाही. सम बोथट वाजते, तारेवरून नखच फिरलं नाही असं वाटतं. ‘माझ्या लूपचा पहिला स्वर नेहमी मऊ येतो’ अशी तक्रार असणाऱ्यांनी आधी हे तपासावं. मग समेनंतरही एखादा स्वर वाजवत राहायची सवय लावली तर पेडलला हात न लावता काम होतं.

आता छोटा फरक घ्या. पहिला दाब ८ ने उशिरा, दुसरा २० ने. लूप २.०१२ सेकंदांचा झाला. एकटेच वाजवत असाल तर काही फरक पडत नाही, कारण लूप हाच तुमचा ताल, तुम्ही नकळत त्याच्याबरोबर जाता. पण शेजारी ड्रम मशीन स्वतःच्या घड्याळावर चालू असेल तर प्रत्येक आवर्तनाला १२ मिलिसेकंद साचत जातात. आठ आवर्तनांनी ९६. त्या लयीत पाव मात्रा १२५ मिलिसेकंदांची असते. म्हणजे आठव्या फेरीला तुम्ही जवळजवळ पाव मात्रा मागे.

उलटी_तिहाई

म्हणूनच मी ड्रम मशीनच्या क्लॉकला लूपर बांधतो. क्वांटाइझ चालू. पेडल कधीही दाबा, लूप बारच्या सीमेवरच सुरू होतो आणि सीमेवरच संपतो. मिडी क्लॉक एका मात्रेला २४ टिका देतं, लूपर त्या मोजतो. पेडलचा उशीर गेला उडत.

खर्ज

उडत जातो, जोवर तुम्ही सीमेच्या पुरेसे आधी दाबता. तुमचं पेडल सुटल्यावर संदेश देणारं असेल आणि तुम्ही अगदी समेवर दाबत असाल, तर संदेश सीमा ओलांडून पोचतो आणि लूपर पुढच्या सीमेपर्यंत एक अख्खा बार थांबतो. मग ७० मिलिसेकंदांची नाही, दोन सेकंदांची चूक. क्वांटाइझ लावणाऱ्यांनी अर्धी मात्रा आधी दाबायची सवय ठेवावी.

आणि लयीत ओढाताण करणाऱ्यांना, आलापी वाजवणाऱ्यांना क्लॉक नकोच असतं. त्यांचं सगळं पायावर.

पायपेटी

लूप पुसायचं काम दुसऱ्या बँकेतल्या बटणावर हलवलं आणि रेकॉर्डच्या बटणावरचा लांब दाब काढून टाकला. पुन्हा मोजलं. आता दातेरी तुकडा धप्प्याच्या मागोमाग येतो, सगळे दाब दहा ते वीसच्या मध्ये. ठिपके एकाच घोळक्यात. कालच्या मानाने स्वर्ग आहे!

हे झालं मिडी आउटवरचं. पण मी वापरतो यूएसबी. त्याचं काय करू? तिथे तर रेझिस्टर लावता येत नाही.

शून्य_डीबी

दहा ते वीस हा पसारा बहुधा बटणांवरच्या फेरीचा आणि पायझोच्या यांत्रिक प्रवासाचा मिळून असेल. सोल्डरगननी सांगितलेला दोन पोलांचा स्विच लावलात तर आणखी आकसेल.

यूएसबी स्वतः फारसा उशीर करत नाही. फुल स्पीड यूएसबीची चौकट एक मिलिसेकंदाची असते, हाय स्पीडची १२५ मायक्रोसेकंदांची. तिथे जाईल तर एखादा मिलिसेकंद. खरा पसारा ऑडिओ बफरमध्ये असतो. सॉफ्टवेअर आवाजावर तुकड्या-तुकड्याने काम करतं, एक तुकडा म्हणजे एक बफर. मिडी संदेश तुकड्याच्या मध्ये आला तर चांगलं सॉफ्टवेअर तो नेमका कुठल्या सॅम्पलला आला ते लक्षात ठेवतं. आळशी सॉफ्टवेअर तो पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीला ढकलतं. मग उशिरात शून्य ते एक बफर इतका पसारा आपोआप येतो. ४८ किलोहर्ट्झला ६४ सॅम्पलचा बफर १.३ मिलिसेकंदांचा, २५६ चा ५.३ चा, ५१२ चा १०.७ चा.

तुमचं सॉफ्टवेअर कुठल्या जातीचं आहे ते ओळखायची सोपी युक्ती: बफर ६४ वर ठेवून मोजा, मग ५१२ वर ठेवून मोजा. सरासरी दोन्हीकडे बदलेल, तिच्याकडे बघू नका. पसारा नऊ-दहा मिलिसेकंदांनी वाढला तर सॉफ्टवेअर संदेश ढकलतंय. पसारा तेवढाच राहिला तर ते शहाणं आहे आणि मोठ्या बफरवरही लूपच्या लांबीची काळजी नको.

मोजायचं असं: यूएसबीवरून आलेल्या संदेशाने कंप्युटरमध्ये एक कोरडा क्लिक वाजवायचा, ज्याला आघाताआधी काही शांतता नाही. इंटरफेसचं आउटपुट तारेने परत उजव्या इनपुटला द्यायचं. डावीकडे पायझो आहेच. यात आउटपुटचा उशीरही मिसळतो, पण तो स्थिर असतो, पसाऱ्यात त्याचा हात नाही.

खर्ज

याहून सरळ उपाय आहे. लूपरलाच साक्षीदार करा. पांढरा गोंगाट, म्हणजे व्हाइट नॉइज, एकाच वेळी लूपरला आणि वेगळ्या रेकॉर्डरला द्या. रेकॉर्डरच्या दुसऱ्या चॅनेलवर पायझो. पेडल दाबून लूप रेकॉर्ड करा आणि लूपची फाइल बाहेर काढा. गोंगाटाचा कुठलाही तुकडा दुसऱ्या तुकड्यासारखा नसतो, त्यामुळे लूपची सुरुवात मोठ्या रेकॉर्डिंगमध्ये नेमकी कुठे बसते ते सॅम्पलपर्यंत शोधता येतं. डोळ्यांनी लाट जुळवा किंवा क्रॉस-कोरिलेशन (हीच जुळणी गणिताने) चालवा. पायझोच्या धप्प्यापासून तिथपर्यंतचं अंतर म्हणजे सगळ्या साखळीचा मिळून उशीर. पेडल, यूएसबी, ड्रायव्हर, सॉफ्टवेअर, सगळं आलं. फाइलमध्ये सुरुवातीला काही फेड लागत असेल तर तो आधी बंद करा.

हा आकडा हाती आला की त्याचा उपयोगही आहे. सूपरलूपर या लूपर सॉफ्टवेअरमध्ये इनपुट, आउटपुट आणि ट्रिगर अशा तीन उशिरांचे आकडे वेगवेगळे भरता येतात. त्यातला ट्रिगरचा आकडा या पेडलच्या उशिरासाठीच आहे. पण आधी पसारा कमी करा, मग तिथे मधला आकडा भरा.

फक्त_वाचक

आणि ब्लूटूथ?

सोल्डरगन

ब्लूटूथ लो एनर्जीमध्ये दोन्ही बाजू ठरावीक अंतराने एकमेकांना भेटतात. ते अंतर कमीत कमी ७.५ मिलिसेकंद असू शकतं. मिडीसाठीचा नियम १५ किंवा त्याहून कमी मागा असं सांगतो. तुमचा पाय दोन भेटींच्या मध्ये कुठेही पडणार, म्हणजे शून्य ते १५ पर्यंतचा पसारा मुळातच आला. हवेत गर्दी असेल आणि एखादी भेट हुकली तर वर आणखी एक अख्खं अंतर.

संदेशाबरोबर मिलिसेकंदांतली वेळही जाते. तिचा उपयोग करून घेणारा हा पसारा सपाट करू शकतो, पण त्यासाठी त्याला प्रत्येक संदेश मुद्दाम थोडा रोखून धरावा लागतो. लूपर सहसा आल्या आल्या काम करतो. इफेक्ट चालू-बंद करायला, पान उलटायला ब्लूटूथ छान. लूपची दोन टोकं त्यावर ठेवू नका. पेडलला यूएसबीची जागा असेल तर तेवढ्यापुरती तार लावा.

फक्त_वाचक

धन्यवाद. तार आहे, आजवर फक्त चार्जिंगला वापरली.

पिकअप_सेलेक्टर

धागा आयता सापडला. मी स्वतः मायक्रोकंट्रोलरवर बोर्ड बनवलाय. पहिल्या स्पर्शाला संदेश, लांब दाब नाही, यूएसबी. मोजलं तर जवळजवळ सगळे दाब तीन मिलिसेकंदांच्या आत. पण मधूनच एखादा वीसच्या वर उडी मारतो. कशाने उडतो ते सापडत नाही.

शून्य_डीबी

बोर्डाला एक्स्प्रेशन पेडल (पायाने खालीवर करून आकडा बदलायचं) जोडलंय?

पिकअप_सेलेक्टर

जोडलंय. पण त्या वेळी त्याला पाय लावत नव्हतो.

सोल्डरगन

पाय लावायची गरज नसते. मिडी मॉनिटर उघडा आणि बोर्डाला अजिबात हात न लावता बघत बसा.

पिकअप_सेलेक्टर

अरे देवा. सीसी ११ चा पाऊस पडतोय. ६३, ६४, ६३, ६४, थांबतच नाही.

सोल्डरगन

पोटेंशिओमीटरचं रीडिंग दोन आकड्यांच्या सीमेवर लटकलंय आणि किंचित गोंगाटाने इकडून तिकडे पडतंय. पाच पिनांच्या तारेवर सेकंदाला जेमतेम १,०४० तीन-बाइटी संदेश मावतात, तिथे तर एकेरी पुलावर बैलगाड्या लागल्यासारखं होतं आणि तुमचा रेकॉर्डचा संदेश त्यांच्या मागे अडकतो. यूएसबीवर जागा जास्त आहे, पण तुमचा कोड प्रत्येक बदलाला संदेश लिहीत बसला आणि तेवढा वेळ बटणांकडे बघत नसेल तर परिणाम तोच.

तीन गोष्टी करा. एक, रीडिंग आधीच्या पाठवलेल्या आकड्यापासून ठरावीक अंतर हलल्याशिवाय नवा संदेश नाही. १० बिटांचं रीडिंग असेल तर एका मिडी पायरीत आठ पायऱ्या येतात, पाच-सहाचा पट्टा ठेवा. दोन, एक्स्प्रेशनचा संदेश पाच मिलिसेकंदांतून एकदाच. तीन, कोडच्या मुख्य लूपमध्ये बटणं आधी तपासा, पेडल नंतर, आणि कुठेही डिले, म्हणजे कोड थांबवून ठेवणारी ओळ, नको. तुमचा मायक्रोकंट्रोलर टीन्सी असेल तर बटणाचा संदेश लिहिल्यावर सेंड नाऊ ही आज्ञा बोलवा, नाहीतर बफर भरायची वाट बघत तो मिलिसेकंदभर तिथेच बसतो.

पिकअप_सेलेक्टर

पट्टा टाकला. पाऊस थांबला. डिले एका ठिकाणी होता, स्क्रीनवर आकडा लिहिल्यानंतर, १५ मिलिसेकंदांचा. तो कशासाठी टाकला होता ते आठवत नाही, काढलाय. आता उड्या दिसत नाहीत, पण स्क्रीन मधूनच कचरा दाखवते.

सोल्डरगन

मग तो त्यासाठीच होता. स्क्रीन दर ५० मिलिसेकंदांनी एकदाच लिहा, मिलिस (मिलिसेकंद मोजणारं कोडमधलं घड्याळ) वापरून. आणि ज्या फेरीत बटणाचा संदेश गेला त्या फेरीत स्क्रीनला शिवूच नका.